सोडायचे कधी, ठरवायचे कुणी?

आमच्या धर्मग्रामातील एक मावशी दर रविवारी दुपारी धर्मगुरू निवासाच्या कचेरीत येऊन बसतात. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात असते. घरी इंटरनेट नाही असे नाही. पण घर माणसांनी भरलेले, आणि आईला लेकीशी निवांत बोलायला एक तास हवा असतो. तो त्यांना आमच्याकडे मिळतो. मी वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात जातो आणि आत मायलेकींच्या गप्पा चालू राहतात.

पावसाळ्याआधी सभागृहाला नवा रंग दिला होता. लेकीच्या लग्नाचे जेवण त्याच सभागृहात झालेले, म्हणून मावशींना तो रंग तिला दाखवायचा होता. फोन हातात धरून, बोलत बोलत त्या निघाल्या. व्हरांडा संपेपर्यंत सारे ठीक होते. सभागृहाच्या दारात लेकीचा चेहरा गोठला, आवाज तुकड्यातुकड्यांनी येऊ लागला आणि व्यासपीठापाशी पोहोचेपर्यंत बोलणे बंद पडले. व्यासपीठाच्या अगदी वर वाय-फायची पेटी बसवलेली आहे आणि तिचा हिरवा दिवा नीट लुकलुकत होता. मावशी त्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “फादर, पेटी डोक्यावर आहे, मग आवाज का तुटला?”

युवक मंडळातील एक मुलगा खुर्च्या लावत होता. या पेट्या त्यानेच बसवलेल्या. तो फोनमध्ये डोकावून म्हणाला, “मावशी, तुमचा फोन अजून कचेरीतल्या पेटीलाच धरून बसलाय.”

मी विचारले, “मग कचेरीतल्या पेटीने त्याला या पेटीच्या स्वाधीन का केले नाही?”

“ते तिचे काम नाही, फादर. कधी सोडायचे ते फोनच ठरवतो.”

हे उत्तर मला अनपेक्षित होते. आमच्या आवारात तीन पेट्या आहेत: कचेरीत एक, सभागृहात एक आणि वरच्या मजल्यावरील वाचनालयात एक. तंत्रज्ञ त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. तिन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, जेव्हा जसे पैसे जमले तशा घेतलेल्या. त्यांच्यावर देखरेख करणारे कोणतेही मध्यवर्ती यंत्र नाही. तरीही माझी अशी समजूत होती, की पेट्यांचे आपसांत काहीतरी ठरलेले असेल. पाहुणा एका खोलीतून दुसरीत गेला, की पहिली दुसरीला निरोप देत असेल. त्या मुलाला मी पुढे बरेच प्रश्न विचारले, थोडे वाचलेही. जसजसे समजत गेले तसतसे वाटू लागले, की सेमिनरीत आम्ही स्वातंत्र्य आणि विवेक या विषयांवर जी पाने उलटली, त्यांतील एक जुना प्रश्न या पेट्यांमध्ये नव्याने येऊन बसला आहे. जो जागा बदलतो त्याच्या निर्णयाचा हक्क कुणाचा? त्याचा स्वतःचा, की त्याला सांभाळणाऱ्याचा?

आपल्या मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यात या प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे. भारतात ही सेवा १९९५ साली सुरू झाली. तिच्या जीएसएम पद्धतीत बोलणे चालू असताना फोन दर अर्ध्या सेकंदाला मनोऱ्याकडे अहवाल पाठवतो: तुमचा आवाज एवढा येतो, शेजारच्या सहा मनोऱ्यांचा एवढा. निर्णय मात्र जाळे घेते. अमुक मनोऱ्याकडे जा, असा हुकूम येतो आणि फोन तो पाळतो. रेल्वेने विरारहून चर्चगेटला जाताना आपला फोन किती मनोऱ्यांच्या हवाली झाला, याचा आपल्याला पत्ताही नसतो. तेथे फोन साक्षीदार आहे. न्यायाधीश दुसरीकडे बसलेला आहे.

वाय-फायचे मूळ प्रमाणक ‘८०२.११’ या नावाने १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात पेटी सोडण्याचा निर्णय फोनच्या हाती देण्यात आला. प्रत्येक पेटी सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारत असते. तिन्ही पेट्यांना एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिला, तर फोनला ते एकच घर वाटते. पण प्रत्येक पेटीचा स्वतःचा असा एक क्रमांकही त्या पुकाऱ्यात असतो. म्हणजे घराचे नाव एक, दारे तीन. फोन ज्या दाराशी उभा आहे तेथला आवाज किती क्षीण झाला हे तो मोजत राहतो. तो फार क्षीण झाला, की इतर दारांचे पुकारे ऐकतो किंवा ‘कुणी आहे का?’ अशी हाक देऊन उत्तराची वाट पाहतो. मग नव्या पेटीकडे अर्ज करतो आणि त्या अर्जात ‘आतापर्यंत मी अमुक पेटीकडे होतो’ असे प्रामाणिकपणे लिहितो. नवी पेटी होकार देते, परवलीच्या शब्दाची खातरजमा करणारे चार निरोप इकडून तिकडे जातात आणि स्थलांतर संपते. सारे सुरळीत झाले, तर यात सेकंदाचा काही अंशच जातो.

जुन्या पेटीचे काय? तिचा कुणी मुद्दाम निरोप घेत नाही. तिन्ही पेट्यांच्या तारा जेथे एकत्र येतात तेथे स्विच नावाचे एक साधे यंत्र असते. ते खेड्यातल्या पोस्टमनसारखे वागते. शेवटचे पत्र ज्या दारातून आले त्याच दारात तो माणूस राहतो असे ते धरून चालते. नव्या पेटीने फोनच्या नावाचा एक निरोप तारेवर टाकला, की स्विच आपली नोंद बदलतो आणि पुढचा मजकूर नव्या दारी जाऊ लागतो. जुनी पेटी ते पाहून, किंवा बराच वेळ त्या फोनचा शब्द ऐकू आला नाही म्हणून, आपल्या वहीतून त्याचे नाव खोडते. पेट्यांनी अशा वेळी एकमेकींशी कसे बोलावे याची एक शिफारस २००३ साली तयार झाली होती. तिला फारसे कुणी विचारले नाही आणि २००६ साली ती मागे घेण्यात आली. पेट्यांनी काही न बोलताही व्यवहार चालत होता, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

आता, ‘फार क्षीण’ म्हणजे किती? हे प्रमाणकात लिहिलेले नाही. प्रत्येक उत्पादकाने ते आपापल्या मनाने ठरवले आहे आणि बहुतेक जण ते उघड सांगत नाहीत. अ‍ॅपल कंपनीने मात्र आपल्या आयफोनचा नियम छापला आहे. मिळणारी शक्ती उणे ७० या पातळीखाली जाईपर्यंत आयफोन दुसरीकडे पाहतच नाही. उणे ७० म्हणजे एका मिलिवॅटचा कोटीवा भाग. त्याखाली गेल्यावरही तो लगेच उडी मारत नाही. मजकुराची देवाणघेवाण चालू असेल, तर नवी पेटी किमान ८ डेसिबलने, म्हणजे सुमारे सहापट जोरात ऐकू यावी लागते. फोन रिकामा असेल, तर १२ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ सोळापट. कामात असलेला थोड्या फरकावर निघतो आणि रिकामा बसलेला जास्त हटून बसतो, ही गोष्ट माणसांच्या बाबतीतही मी पाहिली आहे. पण ते असो.

हा फरक कशासाठी? नवी पेटी रतिभर बरी दिसताच निघायचे असे ठरवले, तर दोन खोल्यांच्या उंबरठ्यावर उभा असलेला फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत राहील आणि कुणाशीच धड बोलणार नाही. येथे मला ब्युरिडानच्या गाढवाची आठवण झाली. चौदाव्या शतकातील पॅरिसच्या या तत्त्ववेत्त्याच्या नावावर एक गाढव चिकटले आहे. दोन सारख्या गंज्यांच्या बरोबर मध्ये उभे राहून, कोणती निवडावी हे न कळल्याने, ते उपाशी मेले म्हणतात. खरे तर ब्युरिडानच्या ग्रंथांत हे गाढव सापडत नाही. त्याच्या फार पूर्वी अ‍ॅरिस्टॉटलने आकाशाविषयीच्या ग्रंथात सारखाच भुकेला आणि तहानलेला माणूस अन्न व पाणी यांच्या मध्ये उभा केला होता. अभियंत्यांनी या कोड्याचे उत्तर तर्काने शोधले नाही. त्यांनी जेथे आहोत त्या जागेच्या पारड्यात मुद्दाम थोडे वजन टाकले. जेथे आहोत तेथे राहण्याला कारण लागत नाही. निघण्याला भक्कम कारण लागते. निष्ठा नावाच्या गुणाची बरीचशी उभारणी अशाच वजनावर झालेली आहे, आणि ते वजन टाकल्याशिवाय कोणताही संसार टिकणार नाही.

पण तेच वजन जास्त झाले, की मावशींच्या फोनसारखे होते. या आजाराला तंत्रज्ञ चिकट फोन असे नाव देतात. त्याची मीमांसा मला विचार करण्यासारखी वाटली, कारण चिकटून राहणारा फोन मूर्ख नसतो. त्याच्यापुरते त्याचे बरोबर असते. दुसरीकडे पाहायचे, तर चालू वाहिनी क्षणभर सोडून इतर वाहिन्या ऐकाव्या लागतात. तेवढा वेळ बोलणे थांबते, बॅटरीही खर्च होते. ज्याला अजून ऐकू येत आहे त्याने हा खर्च का करावा?

त्याला एक गोष्ट मात्र कळत नाही. भिंतीवरची पेटी विजेवर चालते आणि मोठ्याने बोलते. हातातला फोन बॅटरीवर जगतो आणि बहुधा हळू बोलतो. म्हणून असे घडते, की फोनला पेटीचे बोलणे ऐकू येत असते. पण पेटीला त्याचे बोलणे नीट ऐकू येत नसते. तो आपल्या कानांनी ऐकलेल्या गोष्टीवर निर्णय घेतो आणि समजतो, की संबंध शाबूत आहे. आपण किती ऐकतो हे प्रत्येकाला ठाऊक असते. आपण किती ऐकू जातो हे फक्त पलीकडचा जाणतो. जुन्या घराच्या ओसरीवर वर्षानुवर्षे येऊन बसणारा आणि आपल्या शब्दाला तेथे आता अर्थ उरलेला नाही हे न उमगणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला दोष देताना हात आखडतो, कारण त्याच्या बाजूने आवाज स्पष्ट येत असतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. वाय-फायमध्ये हवा एकच असते आणि एका वेळी एकानेच बोलायचे असते. बोलण्याची पाळी सर्वांना सारखी मिळते. दिसायला हा उत्तम न्याय. पण पाळी सारखी असली, तरी वेळ सारखा नसतो. दूर गेलेल्या फोनला तोच मजकूर फार सावकाश, एकेक अक्षर सुटे करून बोलावा लागतो. फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले, की सेकंदाला ११ मेगाबिट वेगाने बोलणाऱ्यांमध्ये एक जण १ मेगाबिटने बोलू लागला, तर सर्वांच्या पदरात पडणारा वेग त्या संथ माणसाच्या वेगाच्याही खाली घसरतो. नवी यंत्रे पुष्कळ वेगवान झाली आणि काहींत वेळेची वाटणी करण्याची सोयही आली. तरी मूळ अडचण पुरती गेलेली नाही. म्हणजे कचेरीतल्या पेटीला दुरून चिकटलेला मावशींचा फोन केवळ स्वतःचे नुकसान करीत नव्हता. कचेरीत बसून विवाहाचा अर्ज भरणाऱ्या जोडप्याचा वेळही तो खात होता आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती. सर्वांना समान संधी दिली की न्याय झाला असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावे. आणि संथ बोलणाऱ्याला हाकलून दिले की न्याय झाला असे मानणाऱ्यांनी थोडे थांबावे. त्याच्याकडे मी येतोच.

मग निर्णय फोनच्या हातून काढून घ्यावा काय? मोठ्या रुग्णालयांत आणि विमानतळांवर सर्व पेट्यांना एका सूत्रात बांधणारे मध्यवर्ती नियंत्रक बसवतात. त्याला सर्व पेट्या दिसतात आणि कोणत्या फोनचा आवाज कुठे किती येतो हेही दिसते. तेथेही पेटी सोडण्याचा शेवटचा निर्णय बव्हंशी फोनचाच राहतो, हे पाहून मला नवल वाटले. मात्र विचार केल्यावर पटले. नियंत्रकाला फोनचा आवाज पेट्यांपर्यंत कसा पोहोचतो ते कळते. पण फोन खिशात आहे की हातात, त्याच्या आणि पेटीच्या मध्ये कोण उभे आहे, त्याच्या कानी काय पडते आहे, हे त्या जागी असलेल्यालाच ठाऊक. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात मांडलेले तत्त्व आम्ही सेमिनरीत शिकलो होतो: खालच्या पातळीवर जे करता येते ते वरच्याने हिरावून घेऊ नये. त्याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की खालच्याला आपले काम करता यावे म्हणून वरच्याने साहाय्य करावे. विद्यार्थिदशेत पहिली बाजू मला अधिक आवडत असे.

वाय-फायची पुढची वाटचाल या दुसऱ्या बाजूने झालेली दिसते. २००८ साली प्रमाणकात भर पडली, ती अशी, की फोनने विचारल्यास पेटीने आपल्या शेजारच्या पेट्यांची यादी द्यावी, म्हणजे त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. त्याच वर्षी नव्या दारी लवकर ओळख पटावी अशी सोय झाली. २०११ साली तिसरी भर पडली: ‘तुम्ही अमुक पेटीकडे गेलात तर बरे’ असे पेटी फोनला सुचवू शकते. फोनने ते ऐकावे किंवा नाकारावे. नाइलाज असेल, तर ‘थोड्या वेळाने मला तुम्हाला सोडावे लागेल’ अशी पूर्वसूचनाही पेटी त्यातच देऊ शकते. पंचवीस वर्षे विवाहपूर्व आणि विवाहोत्तर समुपदेशन करीत आलेल्या माणसाला या क्रमाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. आधी माहिती, मग सल्ला, मग पूर्वसूचना. आम्ही पुष्कळदा उलट्या टोकाने सुरुवात करतो.

आमच्या तीन पेट्या तीन घराण्यांच्या. लवकर ओळख पटवण्याच्या सोयीसाठी पेट्यांमध्ये किल्ल्यांची जी देवाणघेवाण लागते ती त्यांच्यात होत नाही आणि सर्वांत जुन्या पेटीला सल्ला देण्याची भाषाच येत नाही. त्या मुलाने प्रथम सोपा मार्ग धरला. ठरावीक पातळीखाली आवाज गेला, की फोनला सरळ काढून टाकायचे, असा नियम त्याने कचेरीतल्या पेटीला घालून दिला. मावशींचे काम झाले. पण बागेच्या टोकाला, आंब्याखालच्या बाकावर संध्याकाळी एक निवृत्त शिक्षक येऊन बसतात. तेथे कचेरीतल्या पेटीचा आवाज मंद येतो आणि दुसऱ्या कोणत्याही पेटीचा येत नाही. त्यांचा फोन बाहेर काढला जाई, पुन्हा त्याच दाराशी येई, पुन्हा बाहेर काढला जाई. दोन दिवसांनी ते मला म्हणाले, “फादर, मला इथे बसायची मनाई झाली आहे का?” मी त्या मुलाला तो नियम त्याच संध्याकाळी काढायला लावला. ज्याला जायला दुसरे दार आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांना एकच नियम लावला, की असे होते. नियमाला बाक दिसत नाही.

यानंतर एक चूकही सापडली. सभागृहातली पेटी बसवताना तिला पत्ते वाटण्याचा अधिकार तसाच राहून गेला होता. फोन त्या दारी आला, की ती त्याला नवाच पत्ता देई आणि चालू बोलणे त्यामुळेही तुटे. एका घरात दोन कारभारी होते. तो अधिकार काढून घेतला. आता पत्ता एकच जण वाटतो आणि फोन कोणत्याही दारी गेला तरी पत्ता तोच राहतो.

खरा उपाय मात्र मला सर्वांत अनपेक्षित वाटला. त्याने कचेरीतल्या पेटीचा आवाज कमी केला. सेकंदाला १ आणि २ मेगाबिटने रेंगाळत बोलण्याची परवानगीही बंद केली आणि तिन्ही पेट्यांना १, ६ आणि ११ अशा एकमेकींवर न येणाऱ्या वाहिन्या दिल्या. मी म्हटले, “अरे, आपण जास्त जोराची पेटी घ्यायला हवी होती ना?” तो म्हणाला, “जोराची असती तर मावशींच्या फोनने तिला अजून घट्ट धरून ठेवले असते.”

आवाज कमी झाल्यावर फोनला लवकर कळते, की आपण दूर आलो. निर्णय त्याचाच राहतो; कुणी त्याला ढकलत नाही. बाकाचा प्रश्न तेवढा उरला होता. कचेरीचा आवाज उतरवल्यावर तेथे काहीच पोहोचेना, म्हणून वाचनालयातली पेटी बागेच्या बाजूच्या खिडकीत सरकवली.

हे सारे पाहताना मला माझ्या बदल्या आठवल्या. आमची जागा आम्ही ठरवीत नाही. ते पत्र वरून येते. पण पत्र आल्यावर पहिली दोन वर्षे मी जुन्या धर्मग्रामातील लग्ने, वास्तू, भांडणे यांना जात राहिलो. लोक प्रेमाने बोलावीत आणि माझा आवाज तेथे चांगला पोहोचत असे. माझ्या जागी आलेल्या तरुण धर्मगुरूला त्या काळात काय वाटले असेल हे मी त्याला कधी विचारले नाही. त्याने तक्रार केली नाही. या वर्षी एका सभेत तो भेटला, तेव्हा मी त्याला तीन पेट्यांची ही गोष्ट सांगितली. तो पुष्कळ हसला आणि मग थोडा वेळ काही बोलला नाही.

मावशी आता सभागृहात जातात. दाराशी एखादा शब्द गळतो, त्या “काय म्हणालीस?” असे विचारतात आणि बोलणे पुढे चालू होते. कचेरीतल्या पेटीचा आवाज उतरवल्यापासून तो माझ्या झोपण्याच्या खोलीपर्यंत येत नाही. रात्री पत्रे वाचायची असली, की मला चष्मा घेऊन व्हरांड्यात यावे लागते. तेथे डास आहेत.